‘चेक’ आणि ‘शह’: एका शब्दाचा माग

तांबडी_शाई

गेले तीन आठवडे पाण्याच्या पंपाच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर करत होते. काम हातावेगळं केलं आणि दोन दिवसांनी ते तपासणाऱ्या इंजिनिअर बाईंचा फोन आला. पान १४ उघडायला सांगितलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘पंपाच्या पुढे तपासणी झडप बसवावी.’ मूळ इंग्रजीत होतं ‘चेक व्हॉल्व्ह’.

बाई म्हणाल्या, “ताई, ही झडप काहीच तपासत नाही. पंप बंद झाला की वर चढलेलं पाणी उलटं खाली धावतं. त्या धक्क्याने ही मिटते आणि पाण्याला अडवते, एवढंच तिचं काम. फिटर लोक तिला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात.”

चूक मनाला लागली. हा शब्द आपण सगळेच दिवसभर तोंडात घोळवतो. मेल चेक कर, चेकवर सही कर, चेक्सचा शर्ट, चेक-इन झालं का. आणि मला तो कळला नव्हता. म्हणून सगळी पुस्तिका पुन्हा वाचून काढली. ‘गळती चेक करा’मध्ये तपासणं आहे. ‘चेक नट’ म्हणजे पहिला नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्यावर आवळलेला दुसरा नट, म्हणजे इथेही अडवणं. पंप ज्या खोक्यातून येतो त्याच्या फळ्यांविषयी एक सूचना आहे, तिथे ‘चेक’ म्हणजे लाकूड वाळताना पडलेली चीर. आणि वॉरंटीच्या पानावर पैसे परत मिळतात ते चेकने.

रात्री कोश उघडून बसले आणि झोप उडाली. या सगळ्यांचं मूळ एकच, आणि ते म्हणजे फारसी ‘शाह’. राजा! बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ असं म्हणून सावध करायची रीत होती. फारसीतून तो शब्द अरबीत गेला, तिथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत येऊन ‘चेक’.

आता तो क्षण डोळ्यांपुढे आणा. तुम्ही मनाशी चांगला बेत रचलाय, उंट बाहेर काढलाय, पुढची चार घरं दिसताहेत. समोरचा म्हणतो, ‘शाह’. तुमचा सगळा बेत जागच्या जागी थांबतो. आधी राजा वाचवायचा, बाकी सगळं नंतर. ‘चेक’ या शब्दातलं अडवणं, आळा घालणं, रोखून धरणं हे सारं या एका क्षणातून निघालंय. पुढे मालकाच्या पैशावर डल्ला पडू नये म्हणून हिशेबावर ठेवलेला आळा तोही चेक, आणि आळा ठेवायचा तर आकडे पडताळून पाहायला हवेत, म्हणून १७व्या शतकात त्याला ‘पडताळणे’ हा अर्थ आला. आज आपल्याला पहिला आठवतो तो हाच, खरं तर बराच धाकटा.

आणि माझ्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट ही की आपल्याकडे हाच शब्द वेगळ्या वाटेने आधीच येऊन बसलाय. ‘शह’! शह देणे, शह-काटशह. म्हणजे ‘चेक’ आणि ‘शह’ हे एकाच घरातून निघालेले दोघे. एक पश्चिमेकडून फिरून आला, दुसरा सरळ आला, आणि मराठीत शेजारी शेजारी राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः पैशांचा चेक यात कसा आला, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

पटावरचा_उंट

वा, काय धागा काढलात! तीस वर्षं बुद्धिबळ खेळतोय, म्हणून थोडी भर.

नुसता ‘चेक’ नाही, ‘चेस’ हा शब्दसुद्धा तोच आहे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एशेक’चं अनेकवचन ‘एशे’, त्याचा इंग्रजीत ‘चेस’ झाला. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नावच मुळात ‘शह’चं अनेकवचन आहे. फ्रेंचमध्ये आजही खेळाचं नाव ‘एशेक’ हेच आहे, आणि त्याच शब्दाचा एकवचनी अर्थ होतो अपयश. परीक्षेत नापास झालं तरी तोच शब्द. जर्मनीत खेळ ‘शाख’. आणि रशियनमध्ये खेळाला ‘शाखमाती’ म्हणतात, म्हणजे सरळ आपलं ‘शह-मात’!

‘मात’चं काय ते सांगतो. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ आणि मराठीतली ‘मात करणे’मधली मात एकच. ‘शाह मात’. याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘राजा मेला’ असा दिलेला असतो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबुद्ध, निरुपाय झालेला. मला दुसरा अर्थ पटतो, आणि तो खेळाशी जुळतो म्हणून पटतो. बुद्धिबळात राजा कधीच मरत नाही. प्यादं, घोडा, वजीर सगळे मारले जातात, पटाबाहेर जातात. राजा शेवटपर्यंत पटावरच असतो, फक्त त्याला जायला जागा उरत नाही.

एक नियमाची गोष्ट. स्पर्धेच्या नियमांत ‘चेक’ असं तोंडाने म्हणण्याची सक्ती नाही. मोठ्या स्पर्धांत कुणी म्हणतही नाही. लहान मुलं मात्र अजून जोरात म्हणतात, आणि आता हे वाचल्यावर मला ते फार आवडायला लागलंय. दीड हजार वर्षांपूर्वीच्या इराणी दरबारातली हाक आहे ती.

चौकस

मला वेगळीच शंका आहे. ‘चेक’ हा शब्द ‘चौक’वरून आला नसेल का? चौकडीच्या कापडाला चेक म्हणतात, बुद्धिबळाच्या पटावर चौकोनच असतात, आणि खेळही मूळ आपलाच, चतुरंग. चौक, चौकट, चौकडी, चेक. इतकं जुळतंय की योगायोग वाटत नाही.

व्युत्पत्ती_वेडी

@चौकस, शंका रास्त आहे, पण इथे ध्वनींनी फसवलंय. ‘चौक’ संस्कृत ‘चतुष्क’वरून आला, चार या आकड्यावरून. ‘चेक’मधला ‘च’ मात्र फ्रेंचमध्ये तयार झालेला आहे. त्याआधी लॅटिनमध्ये ‘स्क’ होता आणि त्याच्याही आधी फारसीत ‘श’. चौकडीचा अर्थ उलट्या दिशेने आलाय: आधी राजा, मग राजाचा खेळ, मग खेळाचा पट, आणि पटासारखं दिसणारं कापड. कापड या वंशावळीत सगळ्यांत खाली आहे.

पण ‘चतुरंग’ तुम्ही बरोबर पकडलात. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगं. त्याचं मध्य-फारसीत ‘चतरंग’ झालं, अरबीत ‘शतरंज’, स्पॅनिशमध्ये ‘आखेद्रेस’. खेळाचं आपलं नाव स्पेनपर्यंत पोचलं. बाकी बऱ्याच युरोपने मात्र खेळाचं नाव सोडून राजाचं नाव धरलं.

इराणमध्ये हा खेळ भारतातून कसा आला याची एक कथा आहे. पहिल्या खुस्रोच्या दरबारात (इ.स. ५३१ ते ५७९) भारताच्या राजाने पट आणि सोंगट्या पाठवल्या, आणि नियम ओळखून दाखवा असं आव्हान दिलं. बुजुर्गमिहर या प्रधानाने ते ओळखले. फिर्दौसीच्या शाहनाम्यातही ही कथा आहे. इतिहास म्हणून ती घेऊ नये, पण खेळ कुठून कुठे गेला याची आठवण तिने जपली आहे.

आता खरी मेजवानी. ‘शाह’ आला कुठून? प्राचीन फारसीत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत. दारियस या प्राचीन इराणी सम्राटाच्या शिलालेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचा धातू ‘ख्शय्’, म्हणजे सत्ता चालवणे. संस्कृतात याचा सख्खा भाऊ आहे ‘क्षि’, ‘क्षयति’. हा ‘क्षय होणे’मधला क्षि नव्हे. वैदिक संस्कृतात ‘क्षि’चा एक अर्थ सत्ता असणे, राज्य करणे असाही आहे. त्याच कुळातला ‘क्षत्र’, आणि म्हणून ‘क्षत्रिय’. प्राचीन इराणी भाषांतला प्रांताधिपती तो आपला ‘क्षत्रप’. आणि इराणी ‘ख्शथ्र’ म्हणजे राज्य, त्याचं पुढे झालं ‘शहर’! तेव्हा @तांबडी_शाई, भावंडं दोन नाहीत. चेक, शह, शहर, बादशाह, क्षत्रप, क्षत्रिय, सगळं एकच गणगोत.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ११४वं सूक्त रुद्राचं आहे. त्याच्या पहिल्याच ऋचेत रुद्राला ‘क्षयद्वीर’ म्हटलंय. सायणाचार्यांपासून त्याचा अर्थ वीरांचा नाश करणारा असा लावला गेला, पण आजचे अभ्यासक ‘वीरांवर सत्ता असलेला’ असा लावतात. आणि ज्या इराणी सम्राटाला ग्रीकांनी झर्क्सीझ म्हटलं, त्याचं मूळ नाव ‘ख्शयार्शा’. अर्थ? वीरांवर सत्ता असलेला. शब्दाच्या पहिल्या अर्ध्या भागात धातूही तोच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

चौकस

आनंदाने माघार घेतो. चेक हा क्षत्रियाचा नातलग निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

खतावणी

धागाकर्त्या ताईंनी पैशांच्या चेकबद्दल विचारले आहे. आयुष्य हिशेबात गेले, त्यामुळे यावर थोडे सविस्तर लिहितो.

या शब्दाची एक फांदी राजापासून निघून पटावर गेली. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचे खाते १२व्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या काळात आकाराला आले, आणि त्या खात्याला हेच नाव पडले. आज आपण त्याला ‘एक्सचेकर’ म्हणतो. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचे पद अजूनही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ आहे. शब्दशः पाहिले तर बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री!

असे का, तर तिथे हिशेब करायचे मेजच पटासारखे होते. रिचर्ड फिट्झनील हा त्या काळचा खजिनदार. त्याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस या खात्याच्या कारभारावर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. त्यात मेजाचे वर्णन आहे. लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच. चारी बाजूंनी चार बोटे उंच काठ, म्हणजे वर ठेवलेले काही खाली पडू नये. त्यावर काळे कापड, आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने आखलेल्या रेघा. त्या रेघांमधले रकाने म्हणजे पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार.

हे एवढे का करावे लागे, हे जरा समजून घ्यावे. तेव्हा तिथे आकडे रोमन पद्धतीने लिहीत. शून्य नव्हते, स्थानिक किंमत नव्हती. त्यातून १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड. रोमन आकड्यांत हे कागदावर बेरीज-वजाबाकी करून पाहा, मग कळेल. म्हणून सोंगट्या. वरच्या ओळीत येणे मांडायचे, खालच्या ओळीत आलेले मांडायचे, आणि रकान्यारकान्याने उचलत जायचे. खाली काही उरले नाही आणि वर उरले, तर तेवढी बाकी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हिशेब डोळ्यांनी दिसे.

फिट्झनीलने उपमा दिली आहे तीही बुद्धिबळाचीच. पटावर जशी दोन राजांची झुंज, तशी या मेजावर खजिनदार आणि शेरीफ यांची. शेरीफ म्हणजे परगण्याचा महसूल गोळा करून आणणारा राजाचा अधिकारी. बाकीचे भोवती बसून पाहणार आणि निवाडा करणार. वसुली कमी आणणाऱ्या शेरीफला त्या काळ्या कापडापुढे काय वाटत असेल, ते मी चांगले समजू शकतो. ऑडिटपुढे बसलेला माणूस कुठल्याही शतकातला असो, त्याचा घसा कोरडाच.

आता पावतीकडे येतो. पैसे भरल्याची पावती कागदाची नव्हे, लाकडाची असे. हेझलच्या काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जोडून पाहायचे. लाकडाची शिरा आणि खाचा जुळल्या तर खरे. खोटी काठी करणे जवळजवळ अशक्य, कारण लाकडाच्या शिरा कुणाला नक्कल करता येणार?

या जुळवून पाहण्यातूनच पुढे आपला चेक आला. १८व्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे पैशांच्या आदेशाची स्थळप्रत होती, आपल्या चेकबुकात जे काउंटरफॉइल राहते ते. खोटेपणाला आळा घालणारी म्हणून ती ‘चेक’. मग ज्या कागदाला अशी स्थळप्रत असते त्या कागदालाच ‘चेक’ म्हणू लागले. ब्रिटिशांनी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘क्यू, यू, ई’ लावले ते ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने. अमेरिकेने जुने साधे स्पेलिंग ठेवले. व्यवहार अर्थातच नावाहून जुना आहे. इंग्लंडमध्ये १६५९ सालचा हाताने लिहिलेला असा आदेश जपून ठेवलेला आहे, पण तेव्हा त्याला चेक म्हणत नव्हते.

तांबडी_शाई

खतावणी काका, काय लिहिलंत! लाकडाच्या त्या काठ्यांचं पुढे काय झालं?

खतावणी

त्यांचा शेवट फार वाईट झाला, ताई. १८२६मध्ये ही पद्धत कायमची बंद झाली. जुन्या काठ्यांचे ढीग पडून होते. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या ब्रिटिश संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या अति तापल्या, आग वर चढली आणि संसदेची दोन्ही सभागृहे जळून गेली. आजची जी इमारत आपण चित्रांत पाहतो, ती त्यानंतर बांधलेली.

जाताजाता: ‘कंट्रोल’ या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. तो मूळ ‘प्रतिनोंदवही’. पहिल्या वहीशी ताडून पाहायला ठेवलेली दुसरी वही. तिच्यावरून ताडणे, आणि मग ताबा ठेवणे. ‘चेक’ आळ्याकडून पडताळणीकडे गेला, ‘कंट्रोल’ पडताळणीकडून आळ्याकडे. हिशेबाच्या मेजावर दोघांची गाठ पडली असे मला नेहमी वाटते.

दर्यावर्दी

एक मुद्दा. चेक हा अरबी ‘सक्क’वरून आला असं मी अनेक ठिकाणी वाचलंय. अब्बासी खलिफांच्या काळात व्यापारी लेखी आदेशावर पैसे देत-घेत, त्या कागदाला ‘सक्क’ म्हणत. अर्थ तोच, उच्चार जवळचा. मग बुद्धिबळापर्यंत जायचं कशाला?

व्युत्पत्ती_वेडी

@दर्यावर्दी, सक्क हा कागद खराच होता, त्याबद्दल वाद नाही. आज इस्लामी रोख्यांना ‘सुकूक’ म्हणतात ते त्याचंच अनेकवचन. पैसे सोबत न नेता कागदावर फिरवण्याच्या कल्पनेचं श्रेय त्या व्यापाऱ्यांना द्यायलाच हवं.

पण कल्पना एका जागेहून येते आणि शब्द दुसऱ्या जागेहून, असं पुष्कळदा होतं. शब्दाची वाट पाहायची तर मधले मुक्काम सापडायला हवेत. सक्क इंग्रजीत थेट आला असता तर तो व्यापाऱ्यांच्या इटालियन-फ्रेंच कागदांतून, पैशाचाच अर्थ घेऊन आला असता. प्रत्यक्षात इंग्रजीत ‘चेक’ १४व्या शतकापासून शह, अडथळा, आळा या अर्थांनी आहे, पैशाचा अर्थ त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी येतो, आणि येतो तोही स्थळप्रतीच्या दारातून. खतावणी काकांनी ती पायरी दाखवलीच आहे. त्यामुळे मी बुद्धिबळाच्या बाजूने. अर्थ आणि उच्चार दोन्ही जुळले की मोह होतो, पण वर चौकसरावांच्या ‘चौक’चंही तसंच झालं होतं.

दर्यावर्दी

मधल्या मुक्कामांचा मुद्दा पटला. सुकूकबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद.

रूळ_मार्ग

वाचनखूण साठवली आहे. स्थळप्रतीवरून एक सांगतो, कारण यात मी स्वतः कित्येक वर्षं चुकत होतो. विमानतळावर ‘चेक्ड बॅगेज’ म्हणतात, ते मला वाटायचं तपासलेलं सामान. तपासणी तर हातातल्या पिशवीचीही होते, मग तिला का नाही म्हणत?

उत्तर अमेरिकेतल्या १९व्या शतकातल्या रेल्वेत आहे. प्रवाशाची ट्रंक गाडीत चढवताना पितळेचे दोन बिल्ले काढत, दोन्हीवर एकच नंबर. एक चामडी पट्ट्याने ट्रंकेला बांधायचा, दुसरा प्रवाशाच्या हातात. उतरल्यावर बिल्ला द्यायचा, नंबर जुळवून ट्रंक घ्यायची. त्या बिल्ल्याला ‘चेक’ म्हणत. सामान ‘चेक’ करणं म्हणजे बिल्ला लावून सोपवणं. खतावणी काकांची चिरलेली काठीच ही, फक्त पितळेची! आज बोर्डिंग पासला चिकटवून देतात तो लहानसा स्टिकर म्हणजे त्याच बिल्ल्याचा वंशज.

‘रेन चेक’ही यातलाच. १८८०च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला तर तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवून पुढच्या सामन्याला बसता येई.

मीनाक्षर

खूप माहितीपूर्ण धागा. युरोपातल्या त्या देशाचे लोक ‘चेक’ म्हणवतात, त्यांचा याच्याशी काही संबंध?

व्युत्पत्ती_वेडी

नाही. तो त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतला ‘चेख’. इंग्रजीने स्पेलिंग पोलिशमधून घेतलं, म्हणून ते तसं विचित्र दिसतं. मराठीत लिहिताना दोन्ही एकसारखे होतात एवढंच.

शून्य_एक

काठी चिरणं आणि पितळी बिल्ले वाचून मला आमच्या कामातला ‘चेक डिजिट’ आठवला. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख-नंबरचा तेरावा आकडा कशासाठी असतो, ते एकदा हाताने करून पाहा.

एक नंबर घेऊ: ९७८०३०६४०६१५, आणि शेवटी ७. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं. ९, मग सातत्रिक २१, मग ८, शून्य, ३, शून्य, ६, चारत्रिक १२, शून्य, सहात्रिक १८, १, पाचत्रिक १५. बेरीज ९३. पुढचं दहाने भाग जाणारं १००, फरक ७. तोच शेवटचा आकडा. टंकताना एखादा आकडा चुकला की हा ७ जुळत नाही आणि संगणक नंबर घेतच नाही.

म्हणजे हा आकडा तपासतोही आणि अडवतोही. @तांबडी_शाई, तुमच्या पंपाच्या पुस्तिकेतले दोन अर्थ इथे एकाच वेळी काम करताहेत.

पटावरचा_उंट

क्रिकेटमधलं कुणी सांगितलं नाही! ‘चेक्ड ड्राइव्ह’. फलंदाज फटका पूर्ण फिरवत नाही, चेंडूला बॅट लागता क्षणी हात रोखतो. कॉमेंटरीत हे ऐकलं की मी लहानपणी म्हणायचो, यात तपासलं काय? आज उलगडा झाला. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने अडवतात त्यालाही ‘चेक’. आणि शिकारी कुत्र्यांचा माग मध्येच तुटला, कळप थबकला, की इंग्रजीत त्या थबकण्याला ‘चेक’.

‘चेक्स अँड बॅलन्सेस’ही तसंच असणार ना? त्याचं मराठीत काय करतात?

व्युत्पत्ती_वेडी

हो, तिथे निखळ आळा आहे. सत्तेचा प्रत्येक विभाग दुसऱ्याला मर्यादेत ठेवेल अशी रचना. अमेरिकेची राज्यघटना १७८७ची, आणि तिचं समर्थन करताना तिच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसनने १७८८मध्ये हा विचार मांडला, की एका महत्त्वाकांक्षेला दुसरीने रोखलं पाहिजे. मराठीत ‘नियंत्रण आणि संतुलन’ लिहितात. बरोबर आहे, पण त्यात जीव नाही. एकाने दुसऱ्यावर ठेवलेला वचक त्यात दिसत नाही. मला ‘अंकुश आणि समतोल’ जास्त आवडतं. ‘शह’ इथे चालणार नाही, कारण मराठीत शह देणारा जिंकायलाच निघालेला असतो.

तांबडी_शाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल पुस्तिका दुरुस्त करून पाठवली, म्हणून शेवटी काय केलं ते लिहिते.

पान १४वर आता आहे, ‘पंपाच्या पुढे चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवावा. झडपेवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवावा.’ पूर्ण मराठी शब्द घालायचा मोह झाला होता, पण ती पुस्तिका फिटरच्या हातात जाणार, दुकानात तो जे नाव सांगणार तेच तिथे हवं. फळ्यांच्या ‘चेक’ला ‘चिरा’ केलं. ‘चेक नट’ तसाच ठेवला आणि पुढे ‘पहिला नट ढिला होऊ नये म्हणून’ एवढं जोडलं. ‘गळती चेक करा’ सगळीकडे ‘गळती आहे का पाहा’ झालं. वॉरंटीच्या पानावर ‘धनादेश’ लिहिलं होतं, ते तसंच राहू दिलं.

इंजिनिअर बाईंना या धाग्याचा दुवा पाठवला होता. त्यांचा निरोप आला: “झडपेच्या आत एक छोटी झाकणी असते, पाणी उलटं आलं की ती खाडकन बसते. त्या आवाजाला आमचा एक जुना फिटर म्हणायचा, ‘बसला शह!’ मला वाटायचं त्याची ती बोलायची पद्धत आहे.”